ताऱ्याआधीची जागा

जेवायला किती माणसं येतील, याचा भरवसा मला लग्न झाल्यापासून कधीच नव्हता. म्हणून नातीकडून पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकताना मी पहिलं फंक्शन लिहिलं ते तांदळाच्या मापाचं. जेवणाऱ्यांची नावं दिली की ते तांदूळ किती घ्यायचे ते सांगतं.

"नावांच्या जागी तारा लाव, आजी, हे * चिन्ह. मग दोन नावं दे नाहीतर दहा, ते कुरकुरणार नाही."

"म्हणजे माझ्यासारखंच."

रविवारी मुलं-सुना-नातवंडं जमली. मी एकेकाचं नाव देऊन त्या मापाने भात केला. सगळ्यांना वाढून झालं आणि पातेल्यात नुसती खरवड उरली.

"आई, तुझं फंक्शन चुकलं," मुलगा म्हणाला.

नातीने स्क्रीन पाहिली. "फंक्शन बरोबर आहे. आजीने स्वतःचं नावच दिलं नाही."

"खरवडीवर भागतं माझं. सासूबाईंचंही भागायचं," मी सवयीने म्हणाले, आणि माझं मलाच ते आवडलं नाही.

संध्याकाळी मी फंक्शन बदललं. तारा ठेवला, पण त्याच्याआधी माझ्या नावाची एक जागा केली. ती रिकामी राहिली तर पुढे काही चालतच नाही.

"आणि एखाद्या दिवशी कुणीच आलं नाही तर?" नातीने विचारलं.

"तरी भात होईल."