दारूबंदीसाठी एक मिस कॉल

"तुया नंबर का सोनं हाय? कोन चोरते त्याले?" असं म्हणत जगदेवभाऊनं शिलाई मशिनीवरचा राखीचा बटनाचा फोन उचललासुद्धा.

इंझोरी गावात दारूबंदीची जीप आली होती. भोंगा, हार, भाऊचा हसरा फोटो, सगळा लवाजमा. जगदेवभाऊला दारूची भारी चीड. दिसली की संपवूनच उठायचा. आता त्याला निवडणुकीचं तिकीट हवं होतं. पाठिंब्याच्या, बायांच्या मिस कॉलची रास पक्षात वर नेऊन दाखवली की काम फत्ते.

"मले नाही द्याचा," राखी म्हणाली. "माया नंबर मी कोनाले देत नाही."

का, ते चारचौघींत सांगण्यासारखं नव्हतं. नवरा हरीओम रोज पिऊन यायचा. शेवटी त्यानं तिचा हात मोडला, वर म्हणाला, पळालीस तर शोधून जित्ती जाळीन. ती पळाली. नवीन सिम घेतलं, गोजरामावशीकडे ब्लाउज शिवत बसली. माहेरी चकरा मारून तो थकला, पण ही मावशी त्याच्या गावीही नव्हती. लग्नात ती पदर ओढून कोपऱ्यात बसलेली. सासूच्या नात्याच्या बाईनं जावयापुढं तोंड उघडायचं नाही, अशी रीतच. ना ती त्याचा आवाज ओळखायची, ना तो तिचा.

"अवं दे!" मावशीच खेकसली. "दारूपायी तुया संसाराची माती झाली, अन् तूच मांगं सरतं?"

तेवढ्यात भाऊनं आपल्या हापिसाचा नंबर दाबला, एक रिंग जाऊ दिली आणि कापली. "झालं! मेली का?"

बाया फिदीफिदी हसल्या. राखीला त्या थोबाडावर थुंकावंसं वाटलं. थुंकली नाही, हीच चूक झाली.

दोन दिवसांनी ती परसात कपडे वाळत घालत होती. आत फोन वाजला, मावशीनं उचलला. भाऊच्या हापिसातून कोणी पोरगा बोलत होता, अगदी साखरेच्या पाकातलं. आपल्याकडं कोणी एवढ्या मानानं विचारपूस केली, की माणूस कुंडली मांडूनच थांबतं. मावशीनंही मांडली. नाव, गाव, मारुतीच्या देवळामागचं घर. "अन् फोन माया भाचीचा हाय बाप्पा, राखीचा. नवऱ्याच्या भेवानं इथं येऊन राह्यली बिचारी."

मग ती कौतुकानं परसात आली. "घे वं राखे. लई गुनाचं लेकरू हाय, तुलेच मांगून राह्यलं."

राखीनं ओल्या हातानं फोन कानाला लावला.

"सापडली का नाही?" हरीओम म्हणाला. मग त्यानं घसा खाकरला आणि हापिसात पढवल्याप्रमाणे शब्दन् शब्द म्हटलं, "दारूबंदीला पाठिंबा दिल्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार, ताई."