तुम्ही बसा
मुलगा गोरक्ष अपघातात गेल्यावर दोन वर्षांनी लंकाबाईंनीच पुढाकार घेऊन सुनेचं दुसरं लग्न लावून दिलं होतं. त्यानंतर हर्षाली आज पहिल्यांदाच कळवणच्या त्यांच्या घरी आली होती, सातपूरला कंपनीत कामाला असलेल्या नव्या नवऱ्यासोबत, शेखरसोबत. "या, बसा. लय दमल्या असाल," असं म्हणत लंकाबाईंनी ट्रेमधून पाणी आणलं. हर्षालीने पेला तसाच ट्रेमध्ये ठेवला. सहा वर्षं याच बाई तिच्यावर अगं-तुगं करत रागावल्या होत्या, ती तापाने फणफणली की कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत उशाशी बसल्या होत्या. ती चहा टाकायला उठली, तर लंकाबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातच अडवलं. "तुम्ही बसा. आता तुम्ही दुसऱ्याच्या घरच्या." आवाजात राग नव्हता, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. मग तिने पाहुणीसारखा चहा घेतला, ओटी भरून घेतली आणि पाया पडून निघाली. शेखरने मोटारसायकल चालू केली, ती मागे बसली. गाडी हलली तोच मागून खणखणीत हाक आली, "हर्षे, पदर आवर आधी. चाकात जाईल तो. कवा अक्कल येणार तुला?" शेखरने करकचून ब्रेक दाबला. हर्षालीने पदर कमरेला खोचला आणि खाली उतरली. लंकाबाई अनवाणीच धावत फाटकापर्यंत आल्या होत्या आणि आता जीभ चावून उभ्या होत्या. हर्षालीने त्यांचा हात धरला. "आई, अजून थोडं रागवा ना."