डाव्या गालावरचा तीळ

"ही ती नाही," एजन्सीच्या बाई म्हणाल्या आणि हातातला फोटो त्यांनी पुन्हा एकदा मुलीच्या तोंडाशेजारी धरला.

मुलगी आरशासमोरच्या खुर्चीत ताठ बसली होती. वय सतरा, आणि उंची अशी की गल्लीत तिला शिडी म्हणत. घरीही तेच नाव पडलं होतं. मॉडेल व्हायचं हे खूळ डोक्यात बसल्यापासून अकरा एजन्सींनी तिला दारातूनच वाटेला लावलं होतं. या बाराव्या एजन्सीनं मात्र फोटो बघून आपणहून बोलावलं होतं. शिडीला अजून अठरा पूर्ण झाली नव्हती, म्हणून सहीपुरती आई सोबत. लाँड्रीतून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आलेली.

मेकअपवालीनं फोटो हातात घेतला, एकदा मुलीकडे पाहिलं, आणि तिला हसू आलं.

"फोटोवाल्यानं उलटा छापलाय, मॅडम. हिचा तीळ डाव्या गालावर आहे, फोटोत उजव्या. भांगसुद्धा बघा ना."

"आणि हिच्या लक्षात आलं नाही?"

"कसं येणार? आरशात आपण स्वतःला उलटंच बघतो. हिला रोज दिसतो तो हाच चेहरा."

आईला मात्र फोटो घरी आला त्याच दिवशी कसंसंच झालं होतं. कापडाची सुलट-उलट अंधारात बोटांनी ओळखणारी बाई ती, पण फोटोत काय चुकलंय ते काही तिला सांगता आलं नव्हतं. 'ही तू वाटत नाहीस गं,' एवढंच ती म्हणाली होती, आणि तेवढ्यावरून पोरीनं दोन दिवस अबोला धरला होता.

"काय करू मी?" बाई म्हणाल्या. "कपड्यांच्या कंपनीनं पसंत केलाय तो हा चेहरा. दोन वर्षांचा करार आहे. मी त्यांना दुसरीच मुलगी नेऊन दाखवू?" त्यांनी फोटो फाइलमध्ये ठेवला.

"मी होऊन दाखवते तशी," शिडी म्हणाली. "दहा मिनिटं द्या."

चिकाटीच्या बाबतीत ही पोर मुंगीची शिकवणी घेईल, असं आई शेजारणींना कौतुकानं सांगायची. आज तेच कौतुक तिला नकोसं वाटलं. मेकअपवालीनं डाव्या गालावर लेप चढवला आणि तीळ बुजला. पेन्सिलीनं उजव्या गालावर तसाच दुसरा उमटला. भांग मोडून उजवीकडे पाडला. केस जरा अडून बसले, मग पाण्यानं वळले.

"हसू राहिलं," बाई फाइलमधला फोटो पुन्हा काढून बघत म्हणाल्या. "हिचं ओठाचं टोक डावीकडे वर जातं. त्याला काही पेन्सिल चालायची नाही."

शिडी हसली. उजवीकडे. चाचपडली नाही, आरशात बघितलंही नाही. जन्मभर तशीच हसत आल्यासारखी हसली. मेकअपवालीचा हात हवेतच थांबला.

बाई मात्र खूश झाल्या. करार पुढे आला. डावा तीळ डॉक्टरकडून काढून घ्यायचा आणि उजव्या गालावर गोंदवायचा, खर्च एजन्सीचा.

"गोंदवलेलं पुन्हा जात नाही," आई म्हणाली.

"म्हणून तर," बाई म्हणाल्या.

आईनं पेन खाली ठेवलं. "शिडे, घरी चल. आपण तेरावी एजन्सी बघू."

"अकरा जणांनी मला आहे तशी बघितली आणि नको म्हटलं, आई. ह्यांना मी हवी आहे."

"तू नाही गं. ही हवी आहे."

"मग मी हीच."

रागानं म्हणाली असती तर आईनं दोन शब्द सुनावून दंड धरून तिला बाहेर काढलं असतं. पण ती अगदी मायेनं बोलली होती, परक्या बाईची समजूत काढावी तशी. आईला भीती वाटली. आज नाही म्हटलं तर ही पोर जन्मभर आपल्याला माफ करणार नाही, एवढं तिला स्वच्छ कळलं, आणि तिनं सही केली.

"चला, लाइट तयार आहेत," बाई म्हणाल्या. खुर्ची मागे सरकली. उंच टाचा टक टक वाजत बाईंच्या पाठोपाठ बाहेर गेल्या, मेकअपवालीही डबा उचलून गेली, आणि दार लागलं.

आई आपली पिशवी घ्यायला वळली आणि तिची नजर आरशावर गेली.

आरशात शिडी बसली होती. तीळ डाव्या गालावर होता. भांग डावीकडे, सकाळी आईनं पाडलेला तसाच. आईनं खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. पुन्हा आरशात पाहिलं. पोर तिथंच होती, हात मांडीवर घेऊन, कुणीतरी घरी न्यायला येईल म्हणून थांबल्यासारखी.

किंचाळावं असं आईला वाटलं नाही. आपली पोर तिनं ओळखली. बाहेरून कॅमेऱ्याचे आवाज येऊ लागले, मग कुणाची तरी वाहवा ऐकू आली.

तिनं रिकामी खुर्ची ओढली, आरशाच्या अगदी जवळ नेली आणि पोरीसमोर बसली.

"सकाळपासून काही खाल्लं नाहीस," ती हळूच म्हणाली. "भूक लागली असेल ना?"