खालची टाकी

"नव्या माणसाला संप लागत नाही," टाकीवाला म्हणाला. "अडीच फुटांची टाकी, चार मासे, दोन-तीन प्रवाळं. मागे लटकवायचा फिल्टर बसवतो, झालं काम."

साहेब ऐकत होते. नोकरीत असताना ते दुकानादुकानांतून वजनंमापं तपासत फिरायचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण खोदून विचारायची सवय सुटली नव्हती.

"संप म्हणजे नेमकं काय?"

"खाली कपाटात दुसरी टाकी. वरचं पाणी पाइपातून खाली उतरतं, गाळलं जातं, पंप ते परत वर चढवतो. हीटरबिटर सगळं खाली लपतं. पाणी जास्त, त्यामुळे एखादी चूक झाली तरी मासे निभावतात."

"मग नको का म्हणता?"

"जागा जाते. आणि आवाज. पाणी हवा ओढत खाली पडतं, दिवसभर गुडगुड. लोक वैतागतात."

साहेबांनी चष्मा पुसला. "हिला यंत्रं दिसायला नकोत. दवाखान्यात बघून बघून विटली आहे. संपच बसवा."

टाकीवाल्याला बरं वाटलं. बायकोसाठी टाकी घेणारी माणसं त्याने फार पाहिली नव्हती.

साहेबांची बायको सव्वा वर्ष अंथरुणाला खिळून होती. वाचा गेली होती. उजवा हात तेवढा चालायचा आणि त्या हाताशी एक छोटी पितळी घंटा असायची. घशात कफ अडकला की ती घंटा वाजवायची. मग कुणीतरी धावत जाऊन तिला कुशीवर वळवायचं आणि घसा मोकळा करायचा. दोन-तीन मिनिटांत कुणी पोचलं नाही तर जिवावरच बेतलं असतं.

टाकी बाहेरच्या खोलीत, तिच्या दारासमोर ठेवायची ठरली. शेजारी साहेबांची खुर्ची. टाकीवाला मापं घेत असतानाच घंटा वाजली. साहेबांनी हातातली टेप टाकली.

"आलो गं, आलो."

तासाभरात ते तीनदा उठले. तिन्ही वेळा तसेच धावले.

टाकी सुरू झाली त्या दिवशी मेहुणीही हजर होती. दोन गल्ल्या पलीकडे राहायची, सकाळ-संध्याकाळ बहिणीचं करून जायची.

"संप?" ती म्हणाली. "नोकरीत कधी केला नाहीत भावोजी, आता कसला करताय? कुंडीतलं रोप जगलं नाही तुमच्या हातून, म्हणे मासे."

"माशांना पाणी घालावं लागत नाही," साहेब म्हणाले. "असतंच आधीपासून."

टाकीवाल्याने पंप चालू केला. कपाटातून घरघर, गुडगुड सुरू झाली. मेहुणीचं हसू गेलं.

"हे नाही चालायचं. ताईची घंटा ऐकू येईल का या गोंधळात?"

"मी तेच विचारणार होतो," साहेब म्हणाले.

टाकीवाला गुडघ्यांवर बसला आणि पाइपावरची झडप दाखवली. "ही जरा आवळली की पाइप पाण्याने भरून वाहतो. हवा शिरत नाही, आवाज बंद. मोकळी सोडली की गुडगुड."

साहेबांना अंदाजाने केलेलं काम चालत नसे. त्यांनी मेहुणीला घंटा घेऊन आत बसवलं, दार अर्धं ओढलं आणि स्वतः खुर्चीत डोळे मिटून बसले. टाकीवाला झडप थोडी थोडी मोकळी करत गेला.

"आली," साहेब म्हणाले. "आली. जरा अंधूक. अजून सोडा."

मग ते गप्पच राहिले. थोड्या वेळाने मेहुणी बाहेर आली.

"मनगट दुखलं माझं. झोपलात की काय?"

तिघंही हसले.

"इथे खूण करा," साहेब म्हणाले. "चुकूनसुद्धा इथवर जायला नको."

टाकीवाल्याने तिथे लाल रेघ मारली. मग झडप शांत जागी आणून तिथे हिरवी मारली. आता घंटा खणखणीत ऐकू येत होती. मेहुणीने डोळ्यांना पदर लावला.

"तुम्ही आहात म्हणून ताई आहे, भावोजी."

निघताना टाकीवाल्याने सूचना दिल्या. "खाणं घालताना पंप बंद ठेवा, नाहीतर सगळं खाली वाहून जातं. आणि झडप अधूनमधून हलवत जा. खारं पाणी आहे, एकाच जागी राहिली तर मीठ धरून तिथेच अडकून बसते."

"कशाला हलवायची?" साहेब म्हणाले. "एकदा लावली की लावली."

महिन्याभराने तो साफसफाईला आला. दार मेहुणीने उघडलं. तिचे डोळे सुजले होते. आतल्या खोलीतली गादी गुंडाळून ठेवली होती.

"चार दिवस झाले," ती म्हणाली. "भरदुपारी. कफच अडकला. भावोजी इथेच होते हो, या खुर्चीत. पण घंटा वाजलीच नाही. हात उचलायचंही त्राण राहिलं नसेल तिला."

"कान सारखा तिकडेच असायचा माझा," साहेब खुर्चीतून म्हणाले.

टाकीवाल्याने हातातली पिशवी खाली ठेवली. "टाकीचा त्रास नाही ना झाला?" त्याने विचारलं.

"छे, कधी आवाज म्हणून नाही," मेहुणी म्हणाली. "मी यायची तेव्हा माशांना खाणं घालत बसलेले असायचे. एकदम शांत."

आत्ताही पंप बंद होता. पाण्यावर खाण्याचे कण तरंगत होते.

"आज राहू द्या," साहेब म्हणाले. "पुढच्या महिन्यात बघू."

"आलेत तर बघू दे की, भावोजी. ताईची टाकी आहे ती."

टाकीवाल्याने खाली बसून कपाट उघडलं. संपाच्या काठावर पक्कड पडली होती. झडपेच्या दांड्यावर पक्कडीचे ताजे ओरखडे होते, पण दांडा हलला नव्हता. महिन्याभराच्या मिठाच्या पांढऱ्या थरात तो लाल रेघेवर घट्ट बसला होता.