एकमताची वही

केळीचा चीक. कपड्याला लागला की निघत नाही. धुऊ तसा तपकिरी होत जातो.

दहावी ब. शुक्रवारचा फळा अजून पुसलेला नाही. तीन परदेशी विचारवंतांची नावं, आणि त्यांच्याखाली: सगळे एकीकडे आणि एक जण दुसरीकडे. तर?

बावखल. माडांच्या मधलं गोड्या पाण्याचं तळं. एप्रिलात त्याच्या चार पायऱ्या उघड्या पडतात.

"उठा, बर्थाबाय."

बर्था उठली नाही.

चर्चमधली रविवारची मिस्सा संपून क्रुसासमोरच्या मांडवात गाव बसलं होतं. साल १९८६. विरारच्या नव्या बिल्डिंगांना पाणी हवं होतं. वसईच्या या गावातल्या बावखलावर पंप बसणार होता, दिवसाला वीस टँकर भरणार होते. बदल्यात गावाला डांबरी रस्ता आणि शाळेला छप्पर. टँकरवाल्याला गावातल्याच सॅन्टनने आणलं होतं. महिनाभर सॅन्टन घरोघर फिरला होता. एक्केचाळीस घरं. चाळीस तयार होती.

हे गाव कधी बहुमताने ठरवत नसे. ठरवायचं ते एकमताने. रीत सोपी होती. ज्याला पटत नाही त्याने सभेतून उठून जायचं. मग उरलेल्यांचं एकमत होतं आणि हेलन टीचर ते वहीत लिहितात. त्यांच्या आधी दुसरं कुणी लिहीत असे. जुन्या वह्या पेटाऱ्यात होत्या. एकाही पानावर कुणाचा विरोध नव्हता.

"खाली खारं पानी बसलंय," बर्था बसल्या जागेवरून म्हणाली. ती साठीची होती, घरी एकटीच. "वरचं गोडं उपसलंत की ते—"

"घरी जाऊन बोला," गावाचा पुढारी रुडॉल्फ म्हणाला. "घरी कोंबड्या ऐकतील."

लोक हसले.

"ऐकतात ना. वर अंडी पन देतात. तू काय देतोस?"

हसू थांबलं. मागून कुणीतरी म्हणालं, हिची मयत गावाने उचलायची नाही. आणखी एक जण हो म्हणाला. मग पुष्कळ जण. रुडॉल्फने त्यांना थांबवलं नाही.

"टीचर, लिहा."

हेलन टीचर बारा वर्षं हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवत होत्या. फळ्यावरच्या त्या तिघांपैकी एकाने सांगितलं होतं की राज्य लोकांच्या संमतीवर उभं असतं आणि त्याला हद्द असते. दुसऱ्याने सांगितलं होतं की सगळी सत्ता एका हातात देऊ नये. तिसऱ्याचं म्हणणं असं की एकट्याचं तोंड बंद केलं तर नुकसान बाकीच्यांचंच होतं. चार मार्कांचा प्रश्न. दरवर्षी यायचा.

त्यांनी तारीख घातली. खाली लिहिलं: बर्था हिच्या मयतीला

तेव्हा पहिल्या रांगेतून सॅन्टन उठला. सगळ्यांना वाटलं, आता हाच शेवट करतो. त्याने दाढी केली नव्हती. मिस्सेच्या पांढऱ्या सदऱ्यावर तपकिरी डाग होते.

"तिचं अर्धं राहिलंय," तो म्हणाला.

"काय?"

"बोलनं. पुरं होऊ दे."

"तू कोनाच्या बाजूचा रे?" रुडॉल्फने विचारलं.

"टँकरच्या. आत्ता पन." सॅन्टन मांडवाकडे वळला. "महिनाभर मी तुमच्या दारात आलो. सगळे हो म्हनाले. चहा दिलात, केक दिलात. एकाने पन उलटा प्रश्न नाय केला. ही एकटी म्हनते मी चुकतो. हिला घालवलीत तर माझी चूक मला कोन दाखवील? तुम्ही तर सगळे माझंच बोलताय."

"गावाची रीत आहे, सॅन्टन."

"मग रीतीने करतो. ती उठली तर तिच्यासंगती मी उठनार. टँकर आननारा बाहेर आनि टँकरचं एकमत आत. लिहा, टीचर."

हेलन टीचरांनी पेन खाली ठेवलं. बारा वर्षं जे खडूने लिहिलं ते आज पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांसमोर उभं होतं. त्याच्या पायात झिजलेल्या चपला होत्या.

मांडवातला माणूस न् माणूस त्याच्याकडे बघत होता. रुडॉल्फ खाली बसला.

"बोला, बर्थाबाय," सॅन्टन म्हणाला.

ती बोलली. तिचं माहेर समुद्राकडचं. तिथे विहिरीवर पंप बसला. पहिल्या वर्षी सगळे खुश. दुसऱ्या वर्षी पानवेल जळाली. "तिसऱ्या वर्षी माझ्या बयने त्या पान्यात कालवन केलं, मीठ घातलं नाय. कोनाला कळलं नाय."

सॅन्टन उभ्यानेच ऐकत होता. त्याने दोन प्रश्न विचारले. एकाचं तिने उत्तर दिलं. दुसऱ्याला म्हणाली, "ते मला नाय ठाऊक."

मग दर घरामागे एक असे हात वर झाले. विरोध कुठे लिहायचा हे वहीत ठरलेलं नव्हतं. हेलन टीचरांनी पानाच्या मधोमध पट्टीने रेघ मारली. अर्धवट ओळ खोडली. खाली लिहिलं:

पंप बसवावा: एकोणीस. बसवू नये: बावीस.

बाविसावा हात सॅन्टनचा होता.

आदल्या दिवशी, टँकरला बावखलापर्यंत वाट व्हावी म्हणून, त्याने आपल्या वाडीतल्या घड धरलेल्या दोनशे केळी कापल्या होत्या.