चेसीराच्या अस्थी

"रक्ताचं नातं नाही ना? मग अस्थी मिळणार नाहीत," दफनभूमीचा कारकून म्हणाला. "जुन्या जागा मोकळ्या करायच्यात. वारस आला नाही, तर सगळ्यांबरोबर खड्ड्यात जातील."

ओर्तेन्सियाने जपमाळ पिशवीत टाकली. चढ्या आवाजात बोलायची तिला सवय नव्हती. आज आवाज चढला.

"या चेसीराबाईंनी माझ्या वडिलांना दूध पाजलं, वाढवलं. त्यांना मी आमच्या घरच्या थडग्यात जागा देते म्हणते, तर तुम्ही रक्त विचारता? आणि जिने पोटचा गोळा मठाच्या भिंतीतल्या, नकोशी मुलं आत घेणाऱ्या फिरत्या चक्रात टाकला, घंटा वाजवली आणि पाठ फिरवली, तिच्या अस्थी मागितल्या असत्या तर?"

"तिचं नाव कळलं, तर मिळतील."

"वा! धन्य तुमचा न्याय."

"कायदा माझ्या बापाने नाही केला, बाई. वरच्या आळीत चेसीराची भाची आहे, एर्मीनिया. तिची सही आणा."

ओर्तेन्सिया चढ चढू लागली. वडिलांना मठाने आडनाव दिलं होतं प्रोयेत्ती. म्हणजे फेकलेले. तेच तिच्या शाळेत, तेच तिच्या दारावर. फेकणारीचं नाव शोधायला तिने किती मठ, किती चर्चं पालथी घातली होती! नाव कळलं की थडग्यासमोर उभं राहून एकदा जाब विचारायचा होता, एवढंच. रोज तिन्हीसांजेला ती घरातल्या सगळ्या मेलेल्यांसाठी प्रार्थना करी. पहिलं नाव चेसीराचं. त्या फेकणारीसाठी मात्र एक शब्द नाही. पाद्रीबाबा रागावत. त्यांचं बाकी सगळं ती ऐके, हे नाही.

एर्मीनिया दारात शेंगा सोलत बसली होती. नव्वदीला टेकलेली, पण डोळे लखलखीत.

"ये गं. शुक्रवार ना आज? म्हणजे तुझा उपास. थोडी वाइन घे, उपासाला चालते. खुद्द येशूने वाटली होती."

"नको, मावशी. सही हवी आहे." ओर्तेन्सियाने कागद पुढे ठेवला आणि कारकुनाची सगळी हकिगत सांगितली.

म्हातारीने कागद वाचला. "मी नाही करणार सही."

"तुम्हीसुद्धा? तुमच्या लेखी माझे वडील अजून परकेच ना? चक्रातून उचललेले!"

"ओरड, ओरड. अगदी बापावर गेलीस. सेराफीनोही आमच्या टेबलाशी बसून असाच ओरडायचा. टाकणारी भेटू दे, तोंडावर थुंकेन म्हणायचा. आणि चेसीरामावशी खाली मान घालून त्याच्या ताटात वाढत राहायची."

"जीव होता तिचा त्यांच्यावर. स्वतःचं बाळ जन्मताच गेलं ना तिचं."

"असं तुला सांगितलं."

"म्हणजे?"

एर्मीनियाने शेंगांचं टोपलं बाजूला सारलं.

"घरात चार तोंडं होती आणि कणगीत दाणा नव्हता. मठ दूध पाजणाऱ्या दाईला पगार देई. मग सुईण अंधार पडताना बाळ चक्रात ठेवून यायची, पायाला ओळखीचा दोरा बांधून. सकाळी भरल्या छातीने एक बाई मठाच्या दारात उभी राहायची, दाई हवी का म्हणून. आमच्या आळीत हे सगळ्या जाणत्या बायकांना ठाऊक होतं. कुणी तोंड उघडलं नाही. कळलं असतं, तर मूल काढून घेतलं असतं."

म्हातारीने कागद परत तिच्यापुढे सरकवला आणि पेन तिच्या हातात दिलं.

"मी नुसती भाची गं. नात असताना माझी सही कशाला?"