बसऱ्याचं पदक

पहिलं महायुद्ध संपून सात-आठ वर्षं झाल्यावर भागोजीचं पदक आलं. रत्नागिरीच्या कचेरीसमोर मामलेदारांनी ते त्याच्या कोटाला लावलं आणि जमलेल्यांना सांगितलं, "बसऱ्याकडे मांडीत गोळी असतानाही या शिपायानं एक तुर्क जिवंत पकडून छावणीत आणला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. भागोजी मान खाली घालून उभा राहिला.

घरी त्याच्या पायाला तेल चोळताना बायकोनं, राहीनं विचारलं, "अवो, तुमाला उभं ऱ्हायला येत नव्हतं, मग त्याला आनलात कसा?"

"मी नाय आनला. त्यानंच मला पाठीवर घेऊन आनलान."

"दुश्मनानं?"

"वाळवंटात आमी दोघंच उरलेलो. माझ्याकडचं पानी त्याला दिलं. मग कसला दुश्मन?"

"सायबाला सांगितलंत नाय?"

"सांगितलं. सायब हसला नि त्याला कैदेत घातलान. तिथंच तापानं गेला तो."

भागोजीनं पाय हळूच ओढून घेतला.

"तो मला त्याच्या मानसांकडं नेत होता गो. आपल्या छावणीची वाट मीच बोट करून दाखवली. मला वाटलं, पोचवल्यावर सोडतील त्याला."